डोंगरांचा ताप मोजणारे दात

मित्रमैत्रिणींनो, 'जिऑलॉजी आपल्या सिलॅबसमध्ये नाही' म्हणून लगेच पान उलटू नका! मी ज्यांच्याबद्दल लिहितेय, त्या क्रिस्टियान पांडर यांचाही तो पहिला विषय नव्हता.

पांडर १७९४ साली रिगा शहरात जन्मले. वडील श्रीमंत बँकर. जर्मनीत व्युर्झबर्गला असताना त्यांनी कोंबडीची ढीगभर अंडी फोडून आत पिल्लू कसं घडतं ते पाहिलं. हे काम इतकं खर्चिक होतं की त्यांच्या मित्राने, फॉन बेअर यांनी, ते पांडरवर सोपवलं. १८१७ मध्ये पांडरनी दाखवलं, की गर्भ तीन थरांतून घडतो. वय जेमतेम तेवीस!

१८२० मध्ये ते रशियन शिष्टमंडळाबरोबर बुखाऱ्याला गेले. पुढे जीवाश्मांकडे वळले आणि सेंट पीटर्सबर्गच्या खाण खात्यात नोकरी केली. १८५६ च्या ग्रंथात त्यांनी तांदळाच्या कणीहून लहान, दातांसारख्या जीवाश्मांचं वर्णन केलं, बारीक चित्रांसकट. नाव ठेवलं कोनोडॉन्ट. पांडरना ते माशांचे दात वाटले. १८६५ मध्ये ते वारले, पण दात नेमके कोणाचे हे कोडं तसंच राहिलं. ईलसारख्या त्या प्राण्याच्या शरीराचा ठसा स्कॉटलंडच्या खडकात ओळखला गेला आणि त्याचं वर्णन छापून आलं ते थेट १९८३ मध्ये.

आता खरी गंमत. खडक जमिनीत खोल गाडला गेला की तापतो आणि कोनोडॉन्टमधला सेंद्रिय अंश हळूहळू करपतो. रंग फिकट पिवळ्यावरून तपकिरी आणि शेवटी काळा होतो. काळा म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर. खडक पुन्हा थंड झाला तरी रंग मागे फिरत नाही. ताप मोजायच्या थर्मामीटरसारखंच, फक्त हा झटकून खाली आणता येत नाही! अनिता हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या रंगांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन पर्वतात पश्चिमेकडून पूर्वेकडे रंग गडद होत जातो, म्हणजे पूर्वेचे थर जास्त खोल गाडले गेले होते. आणि समजा, फिकट दातांच्या खडकावर काळ्या दातांचा खडक बसलेला सापडला, तर? वरचा थर दुसरीकडे खोलवर भाजून मग इथे ढकलला गेला असणार. तेल शोधणाऱ्यांनाही हे रंग उपयोगी पडतात, कारण जास्त भाजलेल्या खडकात तेल टिकत नाही.

पांडरना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. 'याचा उपयोग काय?' असं तेव्हा कोणी विचारलं असतं, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तरी त्यांनी एकेक दात नीट पाहून नोंदवून ठेवला. व्हायव्हात हाच प्रश्न आला की मला पांडर आठवतात. उत्तर मिळायला सव्वाशे वर्षं लागू शकतात, सर!