काचेवर उतरलेला हिमालय

२९ जुलै १८६३ रोजी सिमल्याहून सुमारे तीस हमालांचा एक तांडा सतलजच्या खोऱ्याकडे निघाला. हमालांच्या पाठीवर काचांनी खच्चून भरलेल्या लाकडी पेट्या, रसायनांच्या बाटल्या, कॅमेरा, भिंगे, एक भलामोठा अंधारा तंबू आणि साहेबाच्या दैनंदिन सुखसोयींचे सामान होते. हे साहेब होते सॅम्युअल बोर्न. वय अवघे अठ्ठावीस. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका बँकेत कारकुनी करीत होते.

हिमालयाची छायाचित्रे बोर्न यांच्यापूर्वीही काढली गेली होती, नंतर तर ती अगणित निघाली. तरीही एकोणिसाव्या शतकातील हिमालय म्हटले की जी दृश्ये डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी कितीतरी या एका माणसाने काचेवर टिपलेली आहेत. खळाळते ओढे, कड्याला बिलगलेली पायवाट, देवदारांच्या काळ्याभोर रांगा, खोल दरीवर टाकलेला लाकडी पूल ही त्यांची आवडती दृश्ये. ही चित्रे पाहणाऱ्याला शांत वाटतात. ती ज्या रीतीने मिळवली गेली, ती रीत मात्र मुळीच शांत नव्हती.

बोर्न यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर आणि श्रॉपशायर या परगण्यांच्या सीमेवरील एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या विशीत नॉटिंगहॅमच्या बँकेत नोकरी लागली आणि त्याच सुमारास छायाचित्रणाचा नाद जडला. त्या काळी हा छंद खर्चिक आणि कष्टाचा होता. बोर्न सुट्टीत इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात जात आणि तेथील तळी, ओढे, दगडी पूल टिपत. १८६२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. त्यानंतर त्यांनी बँकेची कायमची नोकरी सोडली आणि थेट हिंदुस्थानचे जहाज गाठले. १८६३ च्या आरंभी ते कलकत्त्यात उतरले आणि तेथून सिमल्यास पोहोचले.

हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची वस्ती वाढत होती. मायदेशी पाठवायला, आल्बममध्ये चिकटवायला त्यांना या देशाची चित्रे हवी होती. १८६४ पासून सिमला ही सरकारची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली आणि ग्राहक जणू दारातच येऊन उभा राहिला. बोर्न यांनी प्रथम विल्यम हॉवर्ड आणि नंतर चार्ल्स शेफर्ड यांच्याशी भागीदारी केली. हॉवर्ड बाजूला झाल्यावर ‘बोर्न अँड शेफर्ड’ हे नाव रूढ झाले. स्टुडिओ आणि छपाई शेफर्ड यांनी पाहावी, रानोमाळ हिंडून निगेटिव्ह बोर्न यांनी आणाव्यात, अशी ही सोयीची वाटणी होती.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय प्रकार होता, हे समजून घेतल्याशिवाय बोर्न यांच्या कामाचे मोल कळत नाही. ही ‘ओल्या काचेची’ पद्धत होती. काच स्वच्छ पुसून तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे ओतायचे, मग अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि सुकण्याच्या आत परत तंबूत नेऊन धुवायचे. या साऱ्याला हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. उन्हाळ्यात काच लवकर सुके, थंडीत रसायने मंदावत आणि बोटे बधिर होत. धुण्यासाठी पाणी निर्मळ हवे, अन्यथा काचेवर डाग पडत. बारा इंच बाय दहा इंचांचे चित्र हवे असेल तर काचही तेवढीच मोठी लागे, कारण मोठे करून छापण्याची सोय जवळपास नव्हतीच. त्यामुळे प्रयोगशाळाच पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागे. अर्थात, दुसऱ्यांच्या पाठीवर.

वाहत्या पाण्याची तर निराळीच गंमत होती. काच प्रकाशाला सावकाश प्रतिसाद देई. काही सेकंदांपासून कधी मिनिटापर्यंत भिंग उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात ओढ्यातला एकेक थेंब कुठल्या कुठे गेलेला असे. म्हणून त्या काळच्या चित्रांत प्रपात धुक्यासारखा किंवा ताकासारखा दाट पांढरा दिसतो. आज हाच परिणाम साधण्यासाठी छायाचित्रकार भिंगावर काळे फिल्टर लावतात. बोर्न यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. शिवाय ही काच निळ्या रंगाला फार हळवी होती आणि हिरव्याला जवळजवळ आंधळी. आकाश कोरे पांढरे येई, झाडी काळीकुट्ट. वारा सुटला की पाने पुसट होत. बोर्न वारा पडण्याची, ढग सरकण्याची तासन् तास वाट पाहत. त्यांच्या चित्रांत जाणवणारी स्तब्धता ही अशी मिळवलेली आहे.

पहिल्या मोहिमेत ते सतलजच्या खोऱ्यातून चिनी या गावापर्यंत आणि पुढे सुमारे पंधरा हजार फुटांच्या खिंडीपर्यंत गेले. चिनी म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशातील कल्पा. दहा आठवड्यांत १४७ निगेटिव्ह घेऊन ते सिमल्यास परतले. पण या प्रवासात त्यांना एक विलक्षण अडचण जाणवली. इंग्लंडमध्ये घडलेली त्यांची नजर डोंगर, त्याच्या पायाशी तळे, जवळ एखादे झाड आणि मधून जाणारी वाट अशा बेतशीर चौकटीला सरावलेली होती. हिमालय त्या चौकटीत मावेना. शिखरे इतकी दूर आणि इतकी उंच की काचेवर ती केविलवाणी दिसत. तळी नाहीत, दऱ्यांना तळ दिसत नाही. हे दृश्य कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, अशी तक्रार त्यांनी लंडनच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’मध्ये छापून आलेल्या आपल्या प्रवासलेखांत मोकळेपणाने केली आहे.

पाणी आणि पूल यांनी त्यांना या पेचातून बाहेर काढले, असे त्यांची चित्रे एकापाठोपाठ पाहताना वाटते. पूल आला की दरीला माप मिळते. त्यावर एखादा माणूस उभा केला की मागचा कडा एकाएकी प्रचंड होतो. हिमालयातील पूलही पाहण्यासारखे होते. दोन्ही काठांवरून देवदाराचे ओंडके एकावर एक, प्रत्येक थर थोडा पुढे सरकवीत नदीवर आणायचे, मागच्या टोकांवर दगडांचा भार द्यायचा आणि मधल्या उरलेल्या फटीवर फळ्या टाकायच्या. कोकणातल्या साकवाचा हा थोराड भाऊ म्हणता येईल. ज्या ओढ्यांवर तेवढाही खटाटोप शक्य नव्हता, तेथे फांद्या पिळून केलेल्या दोरांचे झुलते पूल असत. काचांच्या पेट्या घेऊन हमाल त्यांवरून जात.

१८६४ च्या मार्चमध्ये बोर्न दुसऱ्या मोहिमेवर निघाले. कांगडामार्गे काश्मीर आणि परत, असा हा नऊ महिन्यांचा प्रवास. येथे त्यांच्या इंग्रजी नजरेला हवे ते सारे होते. संथ झेलम, दल सरोवराचे कालवे, चिनार, पॉप्लरच्या उंच रांगा. श्रीनगरमध्ये झेलमवर ‘कदल’ म्हणून ओळखले जाणारे लाकडी पूल होते. देवदाराचे ओंडके आडवे-उभे रचून केलेले त्यांचे खांब एखाद्या प्रचंड घरट्यासारखे दिसत आणि काही पुलांवर दुतर्फा दुकानेही थाटलेली असत. नदी, पूल आणि काठावरची लाकडी घरे यांची बोर्न यांनी घेतलेली चित्रे आज त्या नाहीशा झालेल्या श्रीनगरचा दस्तऐवज ठरली आहेत. माणसांशी मात्र त्यांचे फारसे जमले नाही. कॅमेऱ्यासमोर माणसे ताठरतात, म्हणून ते वैतागत. या मोहिमेत पाचशेहून अधिक निगेटिव्ह तयार झाल्या.

आता हमालांविषयी. बोर्न यांच्या गौरवपर लेखांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो तसा उरकण्याजोगा नाही. डोंगराळ मुलखात त्या काळी ‘बेगार’ चाले. आपल्याकडे जिला वेठ म्हणत, तोच हा प्रकार. सरकारी अधिकारी किंवा गोरा प्रवासी आला की गावच्या मुखियाने माणसे पुरवायची. मजुरी मिळाली तरी नकार देण्याची मुभा नसे. पेरणी असो वा कापणी, बोजा उचलून पुढच्या मुक्कामापर्यंत जावेच लागे. बोर्न यांच्या मोहिमांत हमालांची संख्या वाढत गेली, वाटा अधिक उंच आणि थंड होत गेल्या. बर्फाच्या वाटेवर काही हमाल बोजे टाकून पळाले. तेव्हा आपण काठी उचलली आणि ती त्यांच्या पाठीवर चालवली, हे बोर्न यांनी स्वतःच, जराही संकोच न बाळगता, लिहून ठेवले आहे. लंडनच्या वाचकांना त्यात वावगे वाटेल, अशी शंकाही त्यांना शिवली नसावी. कुमाऊँच्या डोंगरांत ही बेगार संपायला पुढे १९२१ साली बागेश्वर येथे मोठे आंदोलन व्हावे लागले.

म्हणून बोर्न यांची चित्रे टाकाऊ ठरतात काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांचे तंत्र, चिकाटी, प्रकाशाची जाण यांना तोड नव्हती. मात्र कोपऱ्यात मोजमापासाठी उभी केलेली ती इवलीशी आकृती पाहताना, ही काच तिथवर कोणी आणली, हे विसरून चालत नाही. त्या माणसांची नावे कॅटलॉगमध्ये नाहीत. तेथे आहेत ते ओढे, पूल आणि खिंडी, प्रत्येकाला क्रमांक देऊन.

तिसरी मोहीम सर्वांत अवघड होती. ३ जुलै १८६६ रोजी बोर्न सिमल्याहून निघाले. बरोबर डॉ. प्लेफेअर नावाचे एक गृहस्थ होते. कुलू, लाहौल, स्पीती असे करीत ते मणिरंग खिंडीत पोहोचले. उंची १८,६०० फूट. विरळ हवेत, गोठवणाऱ्या वाऱ्यात तंबू ठोकून त्यांनी काचा तयार केल्या आणि मोजकी चित्रे घेतली. एवढ्या उंचीवरील छायाचित्रणाचा हा विक्रम जवळपास दोन दशके अबाधित राहिला. तेथून पुढे ते गंगोत्री हिमनदीपाशी गेले. गोमुखाच्या बर्फाळ कमानीतून बाहेर पडणारी भागीरथी त्यांनी काचेवर घेतली. हिंदूंच्या दृष्टीने हे केवढे तीर्थस्थान आहे, याची त्यांना कल्पना होती. त्यांची स्वतःची ओढ मात्र नदीचा उगम पाहण्याची होती. त्या वेळच्या हिमनदीचे मुख आणि आजचे मुख यांत मोठे अंतर पडले आहे. त्यामुळे गोमुखाच्या या जुन्या चित्रांना कलेपलीकडचेही मोल आले आहे. नाताळच्या सुमारास ते सिमल्यास परतले.

१८६७ मध्ये बोर्न इंग्लंडला गेले, नॉटिंगहॅमच्या मेरी टॉली यांच्याशी विवाह करून पुन्हा कलकत्त्यास आले. तोवर कंपनीचा कलकत्त्यातील स्टुडिओ सुरू झाला होता. पुढे मुंबईतही शाखा निघाली. पुढील तीन वर्षांत त्यांनी देशाचे इतर भाग टिपले, पण हिमालयाची चौथी मोठी मोहीम झाली नाही. १८७० च्या अखेरीस त्यांनी हिंदुस्थान सोडला. जेमतेम आठ वर्षांत दोन हजारांहून अधिक निगेटिव्ह त्यांनी मागे ठेवल्या होत्या.

यानंतरचे बोर्न ओळखूही येऊ नयेत, इतके निराळे आहेत. नॉटिंगहॅममध्ये मेहुण्याबरोबर त्यांनी सुताचा कारखाना काढला. तो चांगला चालला. ते गावचे मानद न्यायदंडाधिकारी झाले. फावल्या वेळी कॅमेऱ्याऐवजी जलरंग हाती घेतले आणि निसर्गचित्रे रंगवली. २४ एप्रिल १९१२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा स्टुडिओ मात्र मालकांमागून मालक बदलत चालूच राहिला. १९११ च्या दिल्ली दरबाराची अधिकृत छायाचित्रे याच कंपनीने काढली. फेब्रुवारी १९९१ मध्ये कलकत्त्यातील त्या इमारतीला आग लागली आणि जुन्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. जून २०१६ मध्ये स्टुडिओला कायमचे टाळे लागले. अंड्याच्या बलकाच्या लेपाने, म्हणजे पांढऱ्या भागाने, तयार केलेल्या कागदावर त्या काळी छापलेल्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आणि जुन्या आल्बममध्ये उरल्या आहेत. त्यांच्या खालच्या कडेला, काचेवरच कोरलेले, ‘बोर्न’ हे नाव आणि चित्राचा क्रमांक अजूनही वाचता येतो.