सम्राटाला नाणी भेट देणारा कवी

इसवी सन १३५४ च्या डिसेंबरात उत्तर इटलीत थंडीने कहर केला होता. रस्ते गोठलेले असतानाही पन्नाशीतला एक कवी मिलानहून मांटुआला जायला निघाला. बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स तेव्हा मांटुआत मुक्कामाला होता. तेथून रोमला जाऊन सम्राटपदाचा मुकुट धारण करण्याचा त्याचा बेत होता. राजाच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा रिवाज कवीने पाळला. पण त्याने राजापुढे ठेवली ती सोन्याचांदीची काही जुनीपुराणी रोमन नाणी. ती चलनातून जाऊन हजार वर्षे लोटली होती. त्यांच्यावर प्राचीन सम्राटांचे इवलेसे मुखवटे कोरलेले होते आणि बारीक अक्षरांत त्यांची नावे व बिरुदे होती. त्यांतला ऑगस्टसचा चेहरा तर जणू श्वास घेतो आहे इतका जिवंत होता, असे कवीला वाटत असे.

हा कवी म्हणजे फ्रान्सेस्को पेट्रार्क. लॉरा नावाच्या स्त्रीवर शेकडो सुनीते लिहिणारा प्रेमकवी म्हणून जग त्याला ओळखते आणि मराठी वाचकाचाही त्याच्याशी परिचय आहे तो सुनीताच्या निमित्तानेच. प्राचीन रोमन नाण्यांचा जाणता संग्राहक ही त्याची दुसरी ओळख मात्र काव्याच्या झगमगाटात झाकोळून गेली.

पेट्रार्कचा जन्म २० जुलै १३०४ रोजी आरेझ्झो येथे झाला. वडील फ्लॉरेन्सचे नोटरी. राजकीय वैरातून १३०२ मध्ये ते हद्दपार झाले होते. पुढे कुटुंब दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्यॉंच्या परिसरात स्थिरावले. रोम सोडून पोपने आपली गादी त्या काळात तेथे नेली होती. वडिलांच्या आग्रहाखातर मुलाने माँपेल्ये आणि बोलोन्या येथे कायद्याचे शिक्षण घेतले. मन मात्र सिसेरो आणि व्हर्जिलमध्ये रमलेले. १३२६ मध्ये वडील वारले आणि कायदा सुटला तो कायमचाच. पुढल्याच वर्षी ६ एप्रिलला आव्हिन्यॉंच्या एका चर्चमध्ये लॉरा दृष्टीस पडली. त्या कथेविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे तिचा विस्तार नको.

रोमचे प्रथम दर्शन त्याला घडले १३३७ मध्ये. ज्या नगरीची थोरवी ग्रंथांतून वाचली, तिचे भग्नावशेषच पाहायला मिळाले. जेथे पूर्वी प्रासाद आणि मंदिरे होती, तेथे द्राक्षमळे आणि गुरांची कुरणे पसरली होती. मळ्यात खणताना मजुरांच्या कुदळीला कधी कोरीव रत्न लागे, कधी सोन्याचे वा चांदीचे नाणे. हे मजूर पेट्रार्ककडे येत. कधी वस्तू विकायला, तर कधी हा मुखवटा कोणाचा एवढेच विचारायला. १३४१ मध्ये याच रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर त्याला कवी म्हणून लॉरेलच्या पानांचा मुकुट अर्पण करण्यात आला. तरीही मातीने माखलेल्या हातांनी पुढे केलेले नाणे ओळखताना त्याला होणारा आनंद त्या सन्मानापेक्षा उणा नसावा, असे वाटते.

नाणी जमवणारे त्या काळी इटलीत इतरही होते. पेट्रार्कचे वेगळेपण हे, की तो नाणे वाचत असे. नाणे त्याच्या लेखी ग्रंथाइतकाच विश्वसनीय साक्षीदार होते. सम्राट व्हेस्पाशियनचा चेहरा सदैव जोर लावत असल्यासारखा ताणलेला असे, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहून गेला आहे. त्या वर्णनाला दुजोरा देताना पेट्रार्कने व्हेस्पाशियनच्या नाण्यांवरील चेहऱ्याकडे बोट दाखवले. पुढे रोमन सम्राटांच्या चरित्रांची एक प्रत त्याने १३५६ मध्ये स्वतःसाठी नकलून घेतली. तीत गॉर्डियनच्या देखणेपणाचे वर्णन आले, तेव्हा त्याने समासात मिस्कील शेरा मारला: हे खरे असेल, तर त्या बिचाऱ्याला शिल्पकार चांगला लाभला नसावा. लिखित शब्द आणि कोरलेला चेहरा समोरासमोर ठेवून पाहण्याची ही रीत आज आपल्याला साधी वाटते. चौदाव्या शतकात ती नवी होती.

आता पुन्हा मांटुआकडे वळू. रोमचे गतवैभव परत यावे, हा पेट्रार्कचा आयुष्यभराचा ध्यास होता. १३४७ मध्ये कोला दि रिएन्झो नावाच्या नोटरीने रोममध्ये प्रजासत्ताक पुकारले, तेव्हा कवीने त्याच्यावर आशा केंद्रित केली होती. ती विफल झाली. ऑक्टोबर १३५४ मध्ये रोमच्या जमावानेच कोलाला ठार केले. त्याला दोन महिनेही उलटले नव्हते, तोच चार्ल्स इटलीत आला. उरलेली सारी आशा आता या एकट्या राजावर होती.

चार्ल्स विद्याप्रेमी होता. पेट्रार्क थोर पुरुषांची चरित्रे लिहीत होता. त्या ग्रंथाची त्याने चौकशी केली. ग्रंथात आपल्यालाही स्थान मिळावे, असेही त्याने सुचवले. दरबारी कवीने यावर मान तुकवली असती. पेट्रार्कने मात्र स्पष्ट सांगितले, की तशी योग्यता कृतीतून सिद्ध झाली आणि मला आयुष्य उरले, तर अवश्य. नाणी पुढे केली ती याच वेळी. ज्यांचे वारस म्हणवता ते हे पुरुष, यांच्यासारखे व्हा, असा त्या भेटीचा अर्थ होता आणि कवीने तो शब्दांत सांगूनही टाकला. प्रत्येक चेहऱ्यामागचे चरित्रही थोडक्यात ऐकवले. नाणेसंग्राहकाला एकेका नाण्याचा मोह किती असतो, हे त्या छंदाच्या वाटेला गेलेल्यांना सांगायला नको. आपल्या जवळची नाणी त्याने देऊन टाकली ती विकत घेणाऱ्याला नव्हे, तर त्यांचे ऋण फेडू शकेल अशा माणसाला. निदान त्याची तशी समजूत होती.

५ एप्रिल १३५५ रोजी रोममध्ये चार्ल्सला मुकुट चढवण्यात आला. त्या नगरीत राज्याभिषेकाच्या दिवसापेक्षा अधिक थांबणार नाही, असे वचन त्याने पोपला आधीच दिले होते आणि ते त्याने पाळले. जूनमध्ये तर त्याने इटलीच सोडली. जाता जाता पेट्रार्कच्या एका मित्राबरोबर त्याने कवीसाठी निरोप आणि एक भेट धाडली. ती भेट होती सीझरची एक अतिप्राचीन प्रतिमा! हिला वाचा फुटली असती, तर तिनेच तुम्हाला या लाजिरवाण्या परतीपासून परावृत्त केले असते, अशा आशयाचे जळजळीत पत्र पेट्रार्कने सम्राटाला लिहिले. राजेरजवाड्यांशी इतक्या निर्भीडपणे बोलणारे कवी विरळाच. अर्थात हाच पेट्रार्क तेव्हा मिलानच्या जुलमी व्हिस्कोंती घराण्याच्या आश्रयाला होता आणि त्याबद्दल मित्रांचे बोल त्याला ऐकावे लागत होते, हेही नमूद केले पाहिजे.

गंमत अशी, की सम्राटाने मनात राग धरला नाही. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ हा चार्ल्सचा जावई. आपले राज्य सम्राटाच्या अधिकारातून मुक्त असल्याचा दावा त्याने मांडला आणि पुरावा म्हणून जी कागदपत्रे पुढे केली, त्यांत खुद्द ज्युलियस सीझर आणि नीरो यांनी दिलेल्या सनदा होत्या. चार्ल्सने त्या परीक्षणासाठी पेट्रार्ककडे पाठवल्या. १३६१ मध्ये पेट्रार्कने त्यांच्या चिंधड्या उडवल्या. सीझर स्वतःचा उल्लेख पत्रांत एकवचनी करत असे. सनदेत मात्र तो ‘आम्ही’ झाला होता. त्याला ऑगस्टस हे बिरुद लावले होते, जे त्याने कधी धारणच केले नाही. तारखेत वाराचा उल्लेख होता, पण रोमन रीतीप्रमाणे कॉन्सलांची नावे नव्हती. हे दोष दिसायला पेट्रार्कचे लॅटिन वाचन पुरेसे होतेच. तरी कोणते बिरुद कोणाच्या नावापुढे येते, याची पारख नाण्यांवरील लेख वर्षानुवर्षे न्याहाळणाऱ्या डोळ्यांना अधिक असणार, असे मानायला जागा आहे.

अखेरची वर्षे पादुआजवळच्या आर्क्वा या खेड्यात गेली. पादुआचा सत्ताधीश फ्रान्सेस्को दा कारारा हा त्याचा आश्रयदाता आणि मित्र. १३७३ च्या ऑक्टोबरात, प्रकृती ढासळलेली असतानाही, कारारांचा तरुण पुत्र फ्रान्सेस्को नोव्हेल्लो याच्याबरोबर पेट्रार्क तहाच्या कामासाठी व्हेनिसला जाऊन आला. पुढच्या जुलैत, वयाची सत्तरी पुरी होण्याच्या आदल्या रात्री, त्याचे निधन झाले. त्याची बरीच पुस्तके कारारांकडे गेली आणि १३८८ मध्ये व्हिस्कोंतींनी पादुआ जिंकल्यावर त्यांच्या हाती पडली.

दोन वर्षांनी, १९ जून १३९० रोजी, नोव्हेल्लोने पादुआ परत मिळवले. त्या विजयाप्रीत्यर्थ त्याने स्वतःची आणि वडिलांची पदके घडवून घेतली. त्यांसाठी नमुना घेतला तो रोमन सेस्टर्शियसचा. संग्राहक ज्याला सरसकट ब्राँझचे नाणे म्हणतात, ते हे मोठे, जड नाणे. प्रत्यक्षात बहुधा पितळेचे. सोन्याच्या नाण्यापेक्षा त्याचे मोल कितीतरी कमी. पण साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास व्यास असल्याने त्यावर चेहरा मोठा आणि स्पष्ट उमटे. नोव्हेल्लोच्या पदकासाठी सम्राट व्हिटेलियसच्या सेस्टर्शियसवरील मुद्रा डोळ्यांपुढे ठेवली होती. मागच्या बाजूला कारारांचे घराणेचिन्ह असलेली गाडी आणि विजयाची तारीख आहे. युरोपातील प्रबोधनकालीन पदकांच्या परंपरेतील ही अगदी आरंभीची पदके मानली जातात. त्यांच्या ब्राँझच्या प्रती युरोपातील संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात.