महर्षी कर्वे : एका शिक्षकाची घडण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव काढले की आपल्याला विधवाविवाह, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतूनही आपण त्यांना समाजसुधारक म्हणूनच ओळखतो. परंतु हे थोर पुरुष आयुष्यभर पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पदवीनंतर बी.एड. करून शिक्षकी पेशात जाण्याचे मी ठरविले आहे. म्हणून त्यांच्या चरित्राकडे मी याच बाजूने पाहिले.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणातील शेरवली येथे झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरुड. घरची गरिबी आणि स्वभाव अतिशय लाजाळू. 1875 साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे 110 मैल घाटवाटांनी चालत गेले. तेथे ते वयाने लहान दिसतात, या कारणाने त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! आले तसे परत गेले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक व्हायला त्यांना वयाची तेवीस वर्षे लागली. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी.ए. झाले. उशिरा आणि कष्टाने शिकलेल्या माणसाला विद्यार्थी नेमका कोठे अडतो हे लवकर कळत असावे, असे मला वाटते.

विद्यार्थिदशेतच शिकवण्या करून ते आपला खर्च भागवीत. पदवीनंतर मुंबईत त्यांनी निरनिराळ्या शाळांत गणित शिकविले. त्यांत मुलींच्या शाळाही होत्या. मुलींना गणित झेपत नाही असा समज सर्वत्र असण्याच्या त्या काळात हा अनुभव त्यांच्या पदरी पडला. पुढील कार्याचे बीज येथेच रुजले असेल काय, असा विचार मनात येतो.

1891 साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास बोलाविले. गणित शिकविणारे लोकमान्य टिळक आदल्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. टिळकांसारख्या बुद्धिमान प्राध्यापकामागून त्या वर्गावर उभे राहणे सोपे नव्हते. अण्णांजवळ वक्तृत्व नव्हते, भारदस्त व्यक्तिमत्त्व नव्हते. होती ती चिकाटी आणि नियमितपणा. एवढ्या भांडवलावर त्यांनी तेथे 1914 पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे अध्यापन केले. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे व्रत घेत. अण्णांनीही ते घेतले आणि पाळले.

या काळातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे अण्णांचे नातलग. विद्यार्थी असताना अण्णांचा आधार त्यांना मिळाला होता. ते 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि 1902 साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्याला हाताशी धरून वाढविले, त्याच्याच हाताखाली अण्णा पुढे बारा वर्षे शिकवीत राहिले. आपल्याहून मोठा झालेला विद्यार्थी पाहून ज्याला आनंद होतो, तोच खरा गुरू.

1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला. तो त्यांनी मुकाट्याने सोसला. 1896 साली अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला आणि 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चिखलातून हिंगण्याला चालत जायचे, तेथील मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. सकाळी पदवीचा वर्ग, रात्री धुळाक्षरे! एकाच माणसाला दोन टोकांचे विद्यार्थी लाभले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा होऊन, पदरी मूल घेऊन आल्या आणि प्रौढ वयात शिकल्या. याच पार्वतीबाईंनी पुढे संस्थेसाठी देश-परदेशांत निधी गोळा केला. शिकण्याचे वय टळले असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

निवृत्तीनंतर, 1916 साली, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे मुख्य सूत्र होते. आपल्या नेवासे तालुक्याला याचे अप्रूप वाटायला हवे. ज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याचे काम ज्ञानेश्वरांनी येथेच प्रवरेकाठी केले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले.

1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा उघडण्यासाठी हा वृद्ध प्राध्यापक दारोदार वर्गणी मागत हिंडला. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांनी देह ठेवला.

सोनईच्या या कॉलेजात आमच्यापैकी अनेकजण घरातून कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच आहेत. कुणाचे आईवडील उसाच्या फडात राबतात, कुणाचे कारखान्यावर. घाईघाईने नोट्स उतरवून घेऊन पास होण्यापलीकडे आम्हांला काही जमणार नाही, असे कधी कधी आमचे आम्हालाच वाटते. उद्या आमच्यातील काहीजण शिक्षक होतील आणि त्यांच्यासमोरही अशीच मुले बसतील. अमुक एका मुलाला येणारच नाही, असे अण्णांनी आधीच ठरविले असते तर हिंगण्याची झोपडी उभीच राहिली नसती. शिकविण्याची हातोटी पहिल्या दिवशी कुणालाच साधत नाही. वर्षानुवर्षे वर्गावर जाऊनच ती येते. पण समोरचा शिकू शकतो हा विश्वास मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर न्यावा लागतो. तेवढी शिदोरी आम्ही अण्णांच्या चरित्रातून बांधून घेतली तरी पुष्कळ झाले.