झऱ्यात उतरलेले कूस्तो

धारवाडच्या सोमेश्वर देवळाजवळ उगम पावणारी शाल्मला आपल्या परिचयाची आहे. दूर फ्रान्समध्ये अशाच एका नदीच्या उगमात खोल उतरलेल्या जाक कूस्तो यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० चा. त्यांना नौदलात वैमानिक व्हायचे होते. पण मोटार अपघातात हात जायबंदी झाले. हातांत बळ यावे म्हणून ते समुद्रात पोहू लागले आणि पाण्याखालच्या जगाने त्यांना वेड लावले. १९४३ मध्ये एमिल गान्यां या अभियंत्यासह त्यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून हवी तेवढीच हवा देणारे उपकरण तयार केले.

१९४६ मध्ये ते मित्र द्यूमा यांच्यासह व्होक्लूजच्या झऱ्यात उतरले. सोर्ग नदी येथूनच निघते. खोलवर दोघांनाही गुंगी आली. दोराच्या आधाराने ते कसेबसे वाचले. मागाहून कळले, की हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर सिलिंडरमध्ये ओढला होता. तरीही कूस्तोंनी बुडी मारणे सोडले नाही. या झऱ्याचा तळ ३०८ मीटरवर असल्याचे १९८५ मध्ये यंत्राने दाखवले. २५ जून १९९७ रोजी कूस्तो निवर्तले.

पाणी कितीही नितळ असो, उतरण्यापूर्वी आपली हवा तपासावी, हाच या प्रसंगाचा धडा आहे.