विक्टर गोल्डश्मिट व कोळशाची राख

दगडी कोळसा जळून उरलेली राख आपण उकिरड्यावर टाकतों. त्या राखेंत सृष्टीचा एक मोठा नियम दडलेला आहे, हें ज्यांनीं दाखवून दिलें त्या विक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजीं स्वित्झर्लंडांत झुरिक येथें एका यहूदी कुटुंबांत झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते. १९०१ सालीं त्यांस नॉर्वेच्या राजधानींत प्राध्यापकाची जागा मिळाली व मुलाचें पुढील शिक्षण तेथेंच झालें. १९१४ सालीं, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षीं, विक्टर स्वतः प्राध्यापक झाले. कोणतें मूलद्रव्य पृथ्वीवर कोठें व कां सांपडतें, या एका प्रश्नास त्यांनीं आयुष्य वाहिलें. आधुनिक भूरसायनशास्त्राचा पाया त्यांनींच घातला.

१९२९ सालीं ते जर्मनींत गटिंगन येथें गेले. तेथें वर्णपटाच्या साहाय्यानें राख तपासतां त्यांस जर्मेनियम आढळलें. भूकवचाच्या दहा लाख भागांत हें मूलद्रव्य सुमारें दीड भागच असतें. परंतु कांहीं इंग्रजी कोळशांच्या राखेंत तें शेंकडा एकाच्या आसपास निघालें! गॅलियम, बेरिलियम, आर्सेनिक हींही राखेंत सांचलेलीं दिसलीं.

याचें कारण काय? झाडें मुळांवाटे पाण्याबरोबर क्षार शोषून घेतात. पानांतून पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. पानें गळून कुजतात; पावसानें विरघळणारा अंश वाहून जातो व न विरघळणारा वरच्या थरांत सांचतो. शिवाय कुजका पाला झिरपत्या पाण्यांतील द्रव्येंही धरून ठेवतो. पुढील संशोधनानें यांत भर घातली: चीनमधील लिंकांगच्या कोळशांत जर्मेनियम भूगर्भांतील उष्ण पाण्यानें आणून सोडलें.

१९३५ सालीं जर्मनींतील यहूदीद्वेषामुळें गोल्डश्मिट यांनीं पद सोडलें व ते ऑस्लोस परतले. पण पुढें नॉर्वेही नाझींच्या हातीं गेला. २६ नोव्हेंबर १९४२ रोजीं पांचशेंहून अधिक यहूदी स्त्रीपुरुषांस व मुलांस आउश्विट्झच्या वाटेनें नेण्यासाठीं जहाज धक्क्यास लागलें होतें. गोल्डश्मिट त्याच धक्क्यावर उभे होते. त्यांची विद्या उपयुक्त म्हणून ऐन वेळीं त्यांस परत बोलावण्यांत आलें. ज्यांची कांहींच उपयुक्तता अधिकाऱ्यांस दिसली नाहीं, ते बहुतेक सारे प्राणांस मुकले. पुढल्याच महिन्यांत ते स्वीडनमध्यें निसटले व तेथून ब्रिटनला पोंचले.

प्रकृति खचलेली असतांही त्यांनीं ग्रंथलेखन चालूच ठेविलें. १९४६ सालीं ते ऑस्लोस परतले व २० मार्च १९४७ रोजीं निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, तो जर्मेनियमचाच. त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला.

राखेंतील कणाचें मोल ओळखण्यास सूक्ष्म यंत्र लागतें. मनुष्याचें मोल मात्र त्याच्या उपयोगावर मोजूं नये, हें त्या धक्क्यावरील सकाळीनें जगास शिकविलें.