क्लॅरन्स डॅरो आणि डॉक्टर स्वीट यांचे घर

क्लॅरन्स डॅरो (१८५७–१९३८) हे अमेरिकेतील नामांकित फौजदारी वकील. आधी ते रेल्वे कंपनीचे वकील होते. १८९४ च्या संपात ती नोकरी सोडून कामगार पुढारी डेब्ज यांच्या बचावासाठी उभे राहिले. १९२५ मध्ये उत्क्रांती शिकविणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने त्यांनी लढविलेला खटला जगभर गाजला. परंतु त्याच वर्षाचा दुसरा खटला आपण ध्यानात ठेवावा.

डेट्रॉइट शहरात डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. पुढे काय झाले असेल, हे तुम्हांस वेगळे सांगावयास नको. दुसऱ्याच रात्री जमाव लोटला, दगड पडू लागले. घरातून गोळ्या सुटल्या आणि एक गोरा मेला. घरातील अकरा जणांवर खुनाचा आरोप आला. त्यांत डॉक्टरांची पत्नीही होती.

ज्यूरीचे बाराही जण गोरे. जमाव नव्हताच, अशी साक्ष पोलिसांनी दिली. (मग पोलीस तेथे कशाला उभे होते?) डॅरोंनी उलटतपासणीत ती साक्ष खिळखिळी केली. आपले घर राखण्याचा हक्क काळ्या माणसालाही तितकाच आहे, आणि ज्याच्या बांधवांना जमावांनी जिवंत जाळले, त्याचे भय त्या इतिहासासह मोजले पाहिजे, असे त्यांनी मांडले. ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९२६ मध्ये डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री याच्या एकट्यावर खटला चालला, तोही गोऱ्या ज्यूरीपुढेच. त्यांनी त्यास निर्दोष सोडले. नंतर इतरांवरील आरोपही काढून घेण्यात आले.