न उघडणाऱ्या जबड्याला नवा सांधा देणारे सर्जन: फ्रीडरिश फॉन एस्मार्च

भीतीने किंवा थंडीने बसलेली दातखीळ थोड्या वेळात सुटते. काही मोजक्या माणसांचा जबडा मात्र एकदा मिटला की वर्षानुवर्षं उघडत नाही. घास आत जात नाही, दात घासता येत नाहीत, बोलणं दातांतल्या दातांतच राहतं. दूध, रस्सा आणि पडलेल्या दाताच्या फटीतून आत ढकललेलं मऊ अन्न, एवढ्यावर जगावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णाला देण्यासारखं सर्जनकडे फारसं काही नव्हतं. या अडचणीतून एक वेगळी वाट काढणाऱ्या सर्जनचं नाव होतं फ्रीडरिश एस्मार्च.

युद्धात घडलेला सर्जन

एस्मार्च यांचा जन्म ९ जानेवारी १८२३ रोजी ट्यॉनिंग या उत्तर समुद्राजवळच्या बंदरात झाला. आज हे गाव जर्मनीत आहे. तेव्हा तो भाग डेन्मार्कच्या राजाच्या अखत्यारीत होता. वडील डॉक्टर होते. मुलानेही कील आणि गटिंगन इथे वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १८४६ मध्ये कीलला बर्नहार्ड लांगनबेक या नामवंत सर्जनच्या हाताखाली काम सुरू केलं.

१८४८ मध्ये श्लेस्विग आणि होलस्टाइन हे दोन प्रांत डेन्मार्कविरुद्ध उठले. एस्मार्च लढाईत उतरले आणि पकडले गेले. सुटून आल्यावर ते युद्धातल्या जखमींवर उपचार करू लागले. लांगनबेक यांच्या जागी आलेले लुई श्ट्रोमायर आता त्यांचे वरिष्ठ होते.

त्या काळात कोपरात किंवा खांद्यात गोळी घुसून सांधा फुटला, की हातच कापून टाकण्याची पद्धत होती. लांगनबेक आणि श्ट्रोमायर यांनी दुसरा मार्ग धरला. फुटलेला हाडाचा भाग तेवढा काढायचा आणि हात ठेवायचा. अशा शस्त्रक्रियेनंतर हाडाची टोकं जुळून एकजीव झाली नाहीत, तर त्यांच्यामध्ये तंतुमय ऊती तयार होतात आणि तिथे हलणारा ‘खोटा सांधा’ बनू शकतो. असा हात पूर्वीसारखा होत नाही, पण कामाला येतो. एस्मार्च यांनी या अनुभवावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिलं. १८५४ मध्ये श्ट्रोमायर हानोव्हरला गेले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी कीलच्या शस्त्रक्रिया विभागाची सूत्रं एस्मार्च यांच्याकडे आली. त्याच वर्षी श्ट्रोमायर यांची मुलगी आना हिच्याशी त्यांचं लग्न झालं.

कुलूप नेमकं कुठे आहे?

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडलं की तो हलताना जाणवतो. खालच्या जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांमध्ये एक चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी फिरतं, मग पुढे सरकतं. खालचा जबडा हे एकच हाड असल्याने डावा आणि उजवा सांधा एकमेकांशी बांधलेले असतात. त्यामुळे एक बाजू अडकली की दुसरी निरोगी बाजूही निकामी होते.

तोंड न उघडण्याची कारणं मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात. पहिलं ठिकाण म्हणजे स्नायू. अक्कलदाढेच्या संसर्गाने किंवा धनुर्वाताने ते आखडतात. दुसरं, गालाच्या आतली बाजू. नोमा या आजारात कुपोषित, गोवरासारख्या तापातून उठलेल्या मुलांच्या तोंडातलं मांस सडतं. मूल वाचलं तर त्या जागी घट्ट वण तयार होतो आणि वरचा व खालचा जबडा दोरीने आवळावा तसा बांधून टाकतो. त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या औषधांनीही तोंडात जखमा होऊन असे वण पडत. तिसरं ठिकाण म्हणजे खुद्द सांधा. कानाचा संसर्ग तिथवर पसरला किंवा हनुवटीवर आपटून सांध्याला मार बसला, तर खोबणी आणि टोक हळूहळू एकच हाड होऊन बसतात.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला. त्याआधी निदान करायचं ते बोटांनी आणि क्लोरोफॉर्मने. भूल दिल्यावर तोंड उघडलं, तर दोष स्नायूंचा. भूल देऊनही उघडलं नाही, तर वण किंवा हाड. गालाच्या आत बोट फिरवून कडक पट्टे लागतात का, कानापुढे किंचित तरी हालचाल जाणवते का, हे पाहिलं जाई. मूल वाढीच्या वयात असताना सांधा जुळून आला असेल, तर हनुवटी लहान राहते आणि आजारी बाजूला झुकते. चेहराच निम्मं निदान सांगतो.

कुलूप तसंच ठेवून दुसरं दार

गालातल्या वणामुळे मिटलेल्या जबड्यावर तोवरचे उपचार ठरलेले होते. लाकडी पाचर किंवा स्क्रू लावून दात फाकवायचे, नाहीतर वण कापायचा. पण कापलेल्या जागी नवा वण धरे आणि तोही आवळत जाई. काही महिन्यांत रुग्ण पुन्हा मूळपदावर.

एस्मार्च यांच्या पाहण्यात असा एक रुग्ण आला, ज्याच्या जबड्याच्या हाडाचा एक तुकडा आजारानेच गळून पडला होता आणि त्या जागी जबडा हलू लागला होता. सर्जनने करावं ते काम निसर्गानेच केलं होतं. यावरून त्यांनी १८५४ मध्ये एक सूचना मांडली. वणाशी झगडू नये. वणाच्या पुढे, हनुवटीच्या बाजूला, खालच्या जबड्यातून पाचरीच्या आकाराचा हाडाचा तुकडा काढावा. तिथे खोटा सांधा तयार होईल, आणि जबड्याचा पुढचा भाग दुसऱ्या बाजूच्या निरोगी सांध्यावर उघडू-मिटू लागेल. १८६० मध्ये त्यांनी कीलमध्ये या उपचारावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. बोलोन्याचे सर्जन फ्रान्चेस्को रिझ्झोली यांनीही याच सुमारास जवळपास तसाच मार्ग धरला. ते हाड फक्त कापत, तुकडा काढत नसत. त्यामुळे टोकं पुन्हा जुळण्याचा धोका जास्त राही.

या उपचाराला मर्यादा होत्या. दोन्ही बाजू अडकलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. अडकलेल्या बाजूच्या दाढा कायमच्या निकामी राहत आणि चावणं एकाच बाजूने होई. हाडातून जाणारी नस तुटली तर खालच्या ओठाचा अर्धा भाग बधिर होई. तरीही वर्षानुवर्षं उपाशीपोटी राहिलेल्या माणसाला अर्ध्या तोंडाने का होईना, भाकरीचा तुकडा चावता येणं ही लहान गोष्ट नव्हती.

जबडा आणि श्वास

क्लोरोफॉर्मचा मोठा धोका म्हणजे बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास कोंडणं. त्यावरचा उपाय जबड्याच्या सांध्यातच आहे. दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या मागच्या कोनांवर लावून तो पुढे ढकलला की त्याला जोडलेली जीभही पुढे येते आणि श्वासमार्ग मोकळा होतो. नॉर्वेचे डॉक्टर याकोब हायबर्ग यांनी ही युक्ती सांगितली, एस्मार्च यांनी ती सर्वदूर पोहोचवली. जर्मनीत आजही ती एस्मार्च यांच्या नावाने शिकवली जाते. मिटलेल्या जबड्याच्या रुग्णावर मात्र ती चालत नाही. त्याचा जबडा पुढे सरकतच नाही, म्हणून अशा रुग्णाला भूल देणं तेव्हाही जोखमीचं होतं आणि आजही त्याला खास तयारी लागते.

रणांगणापासून घरापर्यंत

१८७० च्या जर्मन-फ्रेंच युद्धात एस्मार्च लष्कराचे उच्च दर्जाचे सर्जन होते. १८७३ मध्ये त्यांनी हात किंवा पाय रबरी पट्टीने टोकाकडून वर गुंडाळून, वरच्या बाजूला रबरी नळी आवळून, जवळपास रक्त न सांडता शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. ‘एस्मार्च बँडेज’ हे नाव त्यावरून पडलं. सैनिकांसाठी त्यांनी त्रिकोणी पट्टी लोकप्रिय केली. ती कशी बांधायची याची चित्रं त्या कापडावरच छापलेली असत.

आना यांच्या निधनानंतर १८७२ मध्ये त्यांनी राजकुमारी हेन्रिएट हिच्याशी विवाह केला. पुढे जर्मनीची सम्राज्ञी झालेली आउगुस्टे व्हिक्टोरिया ही तिची भाची. १८८१ मध्ये लंडनला गेले असताना एस्मार्च यांनी सामान्य लोकांसाठी चालणारे सेंट जॉन संस्थेचे प्रथमोपचार वर्ग पाहिले. परतल्यावर कीलमध्ये त्यांनी तसेच वर्ग सुरू केले. अर्धवट शिकलेले लोक डॉक्टरकी करतील, अशी ओरड काही डॉक्टरांनी केली. एस्मार्च मागे हटले नाहीत. त्यांच्या प्रथमोपचाराच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर व्हिक्टोरिया राणीची मुलगी हेलेना हिने केलं. ती हेन्रिएटची भावजय. १८८७ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि नावात ‘फॉन’ आलं. १८९९ मध्ये ते निवृत्त झाले आणि २३ फेब्रुवारी १९०८ रोजी कीलमध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय करतात?

सांधा हाडाने जुळून आला असेल, तर आता सीटी स्कॅनवर तो नेमका किती जुळला आहे हे दिसतं. शस्त्रक्रिया बहुधा सांध्याच्या जागीच होते. जुळलेलं हाड काढून मोकळी जागा ठेवतात, किंवा टोकं पुन्हा जुळू नयेत म्हणून मध्ये कानशिलाचा स्नायू घालतात. गरजेनुसार बरगडीची कूर्चा किंवा कृत्रिम सांधाही बसवतात. त्यानंतर अनेक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावाच लागतो. तो टाळला तर जबडा पुन्हा मिटतो.

नोमा आजही गरिबीतल्या मुलांना होतो, विशेषतः आफ्रिकेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. भारतात जबडा कायमचा मिटण्यामागे लहानपणी हनुवटीवर पडणं हे एक महत्त्वाचं कारण आहे. हनुवटीची जखम भरते, टाके निघतात आणि कानापुढच्या सांध्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सर्वसाधारणपणे स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये उभी मावतात. पडलेल्या मुलाचं तोंड पुढच्या काही आठवड्यांत कमी-कमी उघडू लागलं, तर थांबू नये. दंतवैद्याला किंवा जबड्याच्या सर्जनला लगेच दाखवावं.